वसतिगृहात तुमची वेणी कोण घालायचं?

निळी रिबीन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मुलींच्या निवासी शाळेत, वसतिगृहात, आश्रमशाळेत राहिलेल्या इथे बऱ्याच जणी असणार. आपण भेटलो की बोलणं ठरलेलं असतं: आमटी पातळ होती, पहाटे गार पाण्यानं आंघोळ, रेक्टर कडक. ते सगळं हवंच आहे, जरूर लिहा. पण मला आधी एक विचारायचंय. तुमची वेणी कोण घालायचं?

मी 1983च्या जूनमध्ये पाचवीत वसतिगृहात आले. माण तालुक्यातलं आमचं गाव, शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर साताऱ्याकडच्या एका गावात मुलींची शाळा होती, तिचंच वसतिगृह. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं कडूही लिहिणार आहे. वडिलांनी पत्र्याची हिरवी ट्रंक घेतली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं माझं नाव घालून आणलं. आत दोन गणवेश, सतरंजी, गोधडी, ताट-वाटी-तांब्या, खोबरेल तेलाची बाटली, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि लाकडी फणी. सगळं आठवणीनं भरलं होतं. फक्त मला स्वतःच्या दोन वेण्या घालता येत नाहीत, हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रोज आई घालायची, त्यामुळे तो प्रश्नच कधी पडला नव्हता.

पहिल्या दिवशी पहाटे पाचची घंटा झाली. आंघोळ, मग प्रार्थना, मग न्याहारी. प्रार्थनेला दोन वेण्या, वर बांधलेल्या, निळ्या रिबिनीच्या, असा नियम. मी ओल्या केसांनी दोन्ही रिबिनी मुठीत धरून व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होते. रडत नव्हते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आठवीतली एक मुलगी आली, काही न विचारता तिनं मला पायरीवर खाली बसवलं, स्वतः वरच्या पायरीवर बसली आणि माझं डोकं दोन गुडघ्यांच्या मध्ये धरलं. 

आमच्याकडे एकाच नावाच्या पाच-पाच मुली असायच्या, म्हणून सगळ्या एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारत. ती आटपाडी. मी माण. 

दुसऱ्या आठवड्यात डोकी तपासली. पाचवीच्या नव्या मुलींपैकी बहुतेकींच्या डोक्यात उवा निघाल्या आणि सगळ्यांचे केस कापायचं ठरलं. न्हावी बोलावलेला होता. माझा नंबर यायच्या आधी आटपाडी पुढे झाली आणि बाईंना म्हणाली, "हिचे नका कापू. मी काढते हिच्या उवा. आठ दिसांत एक जरी सापडली तर माझेबी कापा." बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मला रांगेतून बाहेर काढलं.

रोज दुपारच्या सुट्टीत आणि रात्री अभ्यासाच्या तासाआधी ती माझं डोकं घेऊन बसायची. बारीक दातांच्या फणीनं लिखा ओढायची, नखावर नख ठेवून मारायची. तिच्या गावाकडून सीताफळाच्या बियांची पूड आली होती, ती तेलात कालवून लावली आणि डोळ्यात जाऊ नये म्हणून माझ्या कपाळाला घट्ट पंचा बांधला. आठव्या दिवशी बाईंनी पुन्हा तपासलं. एकही नव्हती.

त्यानंतर अडीच वर्षं माझी वेणी तीच घालत होती. आधी तेल स्वतःच्या तळहाताला चोळायची, मग माझ्या डोक्याला. फणीच्या टोकानं मधला भांग. पेड इतके घट्ट ओढायची की भुवया वर जायच्या. डाव्या वेणीला एकोणीसचा पाढा, उजवीला एकोणतीसचा. पाढा चुकला की पेड सोडून पुन्हा पहिल्यापासून. आजही मला एकोणतीसचा पाढा म्हणताना उजव्या कानामागे ताण जाणवतो.

आईवडिलांनी शिकायला पाठवलं, शाळेनं शिकवलं, ते ऋण आहेच. पण मला वाढवलं ते तेरा वर्षांच्या एका मुलीनं. तुमच्याकडेही अशी कुणी होती का? तिच्याबद्दल लिहा. अशा मुलींचं नाव कुठल्याच शाळेच्या स्मरणिकेत येत नाही.


डोंगरपायथा

माझं वय सत्तरीला टेकलंय, त्यामुळे तुमच्याही आधीचं लिहिते. मी 1966 साली पाचवीला कराडकडच्या एका कन्या वसतिगृहात गेले. आमच्याकडे याला ‘पदरात देणं’ म्हणायचे. नवी आलेली मुलगी थोरल्या मुलीच्या पदरात द्यायची. गृहमाता स्वतः दोघींचे हात एकमेकींत द्यायच्या. तिची वेणी, तिचं अंथरूण, तिचा ताप, सगळं त्या थोरलीचं.

पुढच्या वर्षी माझी थोरली अकरावीला होती, म्हणजे जुनी मॅट्रिक. तिची आठवण आली की मला 11 डिसेंबर 1967 आठवतो. कोयनेचा भूकंप. पहाटे साडेचारच्या आत-बाहेरची वेळ, कडाक्याची थंडी. आधी आवाज आला, जमिनीखालून मालगाडी जावी तसा. मग ट्रंका एकमेकींवर आपटायला लागल्या. सगळ्या खोलीभर पत्र्याचा खडखडाट. दिवे गेलेले. कुणीतरी "घंटा, घंटा" ओरडत होतं, कारण आमची घंटा आपोआप वाजत होती.

मी गोधडीत तशीच बसले होते. माझ्या थोरलीनं अंधारात चाचपून माझी वेणी धरली आणि वेणी धरूनच मला ओढत मैदानात आणलं. हात सापडला नसता, वेणी सापडली. बाहेर आल्यावर बघितलं तर तिच्या दुसऱ्या हातात आणखी एका लहानीची वेणी होती.

आमच्या इमारतीला तडे गेले, पण मुली सगळ्या सुखरूप. कोयनानगरला केवढा अनर्थ झाला ते दिवस उजाडल्यावर हळूहळू कळत गेलं. आमच्यात पाटणकडच्या मुली होत्या. त्यांची माणसं येईपर्यंत त्या फाटकाकडे तोंड करून बसल्या होत्या, जेवायलासुद्धा आत येईनात. पुढे कितीतरी रात्री आम्ही मैदानातच झोपलो. मोठ्या मुली कडेनं आणि लहान मध्ये, असं ठरलं होतं. कुणी सांगून नाही ठरलं, पहिल्या रात्री तसं झालं आणि मग तसंच राहिलं.


पाऊलवाट

डोंगरपायथा ताई, वाचताना अंगावर काटा आला. वेणी धरून बाहेर काढणं...

आमच्याकडे (नगर जिल्हा, 1990च्या आसपास) मोठ्या मुलींना ‘गटताई’ म्हणत. माझ्या गटताईला वेणी घालता यायची नाही, तिचेच केस आखूड होते. तिनं सुंभावर सराव करून शिकून घेतली, माझ्यासाठी. एवढंच लिहायचं होतं.


आजीची नात

मी स्वतः वसतिगृहात राहिले नाही. माझी आजी राहिली. हिंगण्याला, 1925 साली. तिची गोष्ट इथे शोभेल की नाही कळत नव्हतं, पण वेणीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी ती विधवा झाली. कोकणातलं कर्मठ घर. जे त्या काळी करत ते तिचं केलं. तिच्या मोठ्या भावानं वर्षभर घरात भांडण मांडलं आणि शेवटी तिला पुण्याला आणून कर्व्यांच्या संस्थेत सोडलं. त्या वेळी हिंगणे म्हणजे पुण्याबाहेरचं गाव. आज आपण त्याला कर्वेनगर म्हणतो आणि रिक्षानं दहा मिनिटांत जातो. संस्था 1896 साली पुण्यात सुरू झाली. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि बांधकामाला साडेसातशे रुपये दिले, आणि 1900 साली तिथे पहिली झोपडी उभी राहिली. ती झोपडी संस्थेच्या आवारात अजून जपून ठेवली आहे. सुरुवातीच्या काळात अण्णा, म्हणजे महर्षी कर्वे, फर्ग्युसनला गणित शिकवून झालं की रोज पायी हिंगण्याला जात. आजी गेली तेव्हा ते दिवस मागे पडले होते, पण मोठ्या मुली नव्यांना ते सांगत. चिखलातून अण्णा कसे यायचे, हातात सामान घेऊन, असं. आजीनं ते पाहिलं नव्हतं, तरी पाहिल्यासारखं सांगायची.

ती गेली तेव्हा डोक्यावर बोटभर केस होते. पदर कपाळापर्यंत ओढलेला. खोलीतल्या मुलींनी पहिले काही महिने त्या विषयावर तिला एक शब्द विचारला नाही. त्यातल्या दोघी तिच्यासारख्याच होत्या आणि त्यांचे केस तोवर खांद्यापर्यंत आले होते. आजी सांगायची, "मी रात्री त्यांच्या केसांकडे बघत झोपायची. म्हणजे वाढतात तर, असं मनात यायचं."

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका रविवारी न्हाणं झाल्यावर त्या दोघींतली थोरली तिच्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, "बघू गं, पेड पडतात का." पडले. तीन बोटांची वेणी झाली. सुतळीच्या तुकड्यानं बांधली, कारण रिबीन मागायची आजीची छाती झाली नसती. त्या दिवशी ती जेवायला पदर न घेता गेली. पंगतीत कुणीही मान वळवून तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी ठरवून बघितलं नाही, असं तिला नंतर कळलं.

पुढे आजी शिक्षिका झाली, दुसरं लग्न केलं, चार मुलं झाली. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेली. तोवर रोज सकाळी वेणी घालायची, अंबाडा नाही. त्या वयात वेणी बघून शेजारणी बोलायच्या. तिनं कधी उत्तर दिलं नाही.


निळी रिबीन

आजीची नात, शोभेल की नाही असं पुन्हा म्हणू नका. मी हे आईला वाचून दाखवलं. ती शेवटी उठून आत गेली.


पागेजवळची

पुण्याचा विषय निघालाय म्हणून माझीही भर. मी हुजूरपागेत होते, 1970च्या दशकात. शाळा 1884ची. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती त्या जागेवर, म्हणून ते नाव. आमच्या वेळी बाई मोठ्या अभिमानानं सांगायच्या की इरावतीबाई कर्वे इथल्या वसतिगृहात होत्या. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला, 1905चा, तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. सात वर्षांची ती पोर एवढ्या लांबून पुण्याला शिकायला पाठवलेली. वर्गात शकुंतला परांजपे भेटल्या, मैत्री झाली, आणि रँग्लर परांजप्यांच्या घरानं तिला लेकीसारखी सामावून घेतली. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई झाल्या, म्हणजे वरच्या आजींच्या हिंगण्याशी पुन्हा नातं जुळलंच. 

मला त्या थोर मानववंशशास्त्रज्ञ झाल्या यापेक्षा सात वर्षांची इरावती पहिल्या रात्री कुणाशेजारी झोपली असेल, हे जास्त वेळा आठवतं. मीही सातव्या वर्षीच घराबाहेर पडले होते.


कोयत्याची लेक

मी इथली सगळ्यात लहान असेन. मी बीड जिल्ह्यातली. आईबाप ऊसतोड कामगार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावंच लागतं. दसरा झाला की गाड्या भरायच्या आणि कारखान्याच्या फडावर जायचं, थेट उन्हाळ्यात परत. पोरंही बरोबर. मी चौथी अर्धी, पाचवी अर्धी, अशी शिकले. फडावर माझं काम म्हणजे धाकट्या भावाला सांभाळणं आणि वाढे बांधणं.

2012 साली सहावीला मला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात घातलं. ही योजना 2004 साली निघाली, शिक्षणात मागे पडलेल्या तालुक्यांतल्या मुलींसाठी. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं फुकट. वरच्या ताया ‘घर सुटलं’ असं लिहितायत. माझं उलटं झालं. मी पहिल्यांदा एकाच छपराखाली सलग बारा महिने राहिले. पाऊस आला तर काय करायचं, हा विचार त्या वर्षी पहिल्यांदा सुटला.

अवघड असायची ती दिवाळी. सगळ्या मुली घरी जायच्या. आमच्या गावात घराला कुलूप आणि गल्लीत म्हातारी माणसं. मी आणि माझ्यासारख्या आणखी काही जणी मागे राहायचो. स्वयंपाकाच्या मावशी त्या दिवसांत मुद्दाम सुट्टी घ्यायच्या नाहीत. पहिल्या आंघोळीला पहाटे उठवून प्रत्येकीच्या डोक्याला तेल लावायच्या. उटणं नसलं तर बेसन आणि हळद. मग ओळीनं बसवून सगळ्यांच्या वेण्या. मावशीचे हात भाकऱ्यांनी भाजलेले, खरखरीत, केस त्यात अडकायचे. मला ते फार आवडायचं. माझ्या आईचे हात तसेच होते, उसाच्या पाचटानं कापलेले.

रविवारी फोन. सगळ्या वसतिगृहात मिळून एकच मोबाईल. बापाच्या फोनला फडात रेंज असली तर बोलणं. आई एकच विचारायची, "येणी घालती का गं कुणी?" निळी रिबीन ताई, तुमच्या धाग्याचं नाव वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले ते यासाठी.

आता मी नर्सिंग पूर्ण करून संभाजीनगरला नोकरीला आहे. आई अजून जाते तोडीला. या वर्षीपासून जाऊ देणार नाही.


रविवारचा भाऊ

मी पुरुष आहे, पण लिहू का? माझी मोठी बहीण निवासी शाळेत होती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वडील आणि मी एसटीनं भेटायला जायचो. फाटकाच्या आत एक कडुनिंब होता, पुरुष माणसांनी तिथपर्यंतच यायचं. आई डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे द्यायची. बहीण यायची, डबा घ्यायची, आणि आमच्यासमोर एक घासही खायची नाही. मला राग यायचा, एवढ्या लांबून आणलंय. मोठा झाल्यावर एकदा विचारलं तर म्हणाली, "खोलीत आठ जणी होत्या. त्यातल्या तिघींकडे कधीच कुणी आलं नाही. डबा आत नेऊनच उघडायचा असं आमचं ठरलं होतं."


निळी रिबीन

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भाऊ, लिहू का काय, आणखी लिहा. 

मी कडू लिहीन म्हणाले होते, ते आता लिहिते. 

आमची पत्रं उघडली जायची. येणारी उघडूनच हातात पडायची. जाणारी आंतर्देशीय पत्रं उघडी नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवायची. त्या वाचायच्या, कधी एखादी ओळ खोडायच्या, आणि मग तो गठ्ठा चिकटवायला मोठ्या मुलींकडे यायचा. कडेचा डिंक धड चिकटायचा नाही, म्हणून भाताची शितं लावायची. ‘मला इथे करमत नाही’ हे वाक्य माझ्या पत्रातून तीनदा खोडलं गेलं. चौथ्यांदा मी ते लिहिलंच नाही. दहा वर्षांच्या मुलीनं आईला खरं लिहायचं बंद केलं. ते पुढे कितीतरी वर्षं बंदच राहिलं, मी घरी परत आल्यावरसुद्धा. हे मी अजून माफ करू शकलेले नाही.

दुसरं आटपाडीचं. 1985च्या दिवाळीच्या सुट्टीला ती गेली, दहावीत होती, आणि परत आली नाही. वर्गात तिसरी-चौथी यायची ती. सुट्टी संपून आठवडा झाला तेव्हा तिचे मामा आले, ट्रंक उचलली आणि गेले. ट्रंकेच्या कडीला तिनं माझीच जुनी निळी रिबीन बांधलेली होती, खूण म्हणून. ती तशीच लोंबत फाटकाबाहेर गेली. लग्न झालं म्हणून कळलं. मुलीचं वय अठरा हवं हा कायदा 1978 सालीच झाला होता. ती सोळाचीही नव्हती. शाळेत त्यावर कुणी काही बोललं नाही. बाईंनी प्रार्थनेनंतर तिचा पलंग दुसरीला दिला, बस.

पुढच्या वसंतात पहाटे चारला उठवून आम्हाला गच्चीवर नेलं, हॅलेचा धूमकेतू दाखवायला. विज्ञानाच्या बाईंनी बोट दाखवलं तिकडे मला एक पुसट डाग दिसला. शहात्तर वर्षांनी परत येतो म्हणाल्या. सगळ्या मुली आपापली वयं मोजत होत्या. मी आटपाडीचं मोजत होते.

मग मी सातवीतून आठवीत गेले आणि जूनमध्ये पाचवीच्या नव्या मुली आल्या. त्यातली एक खांबाला टेकून उभी होती.


निवृत्त गृहप्रमुख

मी इथे सहसा फक्त वाचते. हा धागा चार दिवस वाचतेय आणि रोज लिहायचं टाळतेय. मी खानदेशात एका मुलींच्या वसतिगृहाची पंचवीस वर्षं गृहप्रमुख होते. निळी रिबीन, मी तुझ्या शाळेतली नव्हे. पण पत्रं मीही उघडली आहेत. 

का उघडली ते सांगते, समर्थन म्हणून नाही. सत्तर मुली आणि मी एकटी. दर जूनला पालक मुलीला सोडताना एकच सांगत, "बाई, हिचं काही वेडंवाकडं ऐकू आलं तर त्याच दिवशी घेऊन जाऊ." एका मुलीच्या नावानं बाहेरच्या मुलाची चिठ्ठी सापडली असती तर त्या गावातल्या साती मुलींचं शिक्षण थांबलं असतं. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, पाहिल्यावर घाबरले आणि सगळ्यांची सगळी पत्रं उघडायला लागले. आईला लिहिलेली पत्रं उघडायचं काहीही कारण नव्हतं. ‘करमत नाही’ ही ओळ मीही खोडली आहे. वाटायचं, आई वाचेल, रडेल, बाप येऊन घेऊन जाईल. त्या पोरीचं म्हणणं कुणाच्याच कानी पडत नाहीये, हे तेव्हा मला सुचलं नाही. तुझ्या बाई हयात आहेत की नाही ठाऊक नाही. त्यांच्या जागी मी तुझी माफी मागते.

आणि तुझ्या आटपाडीबद्दल. आमच्या रजिस्टरला शेवटचा रकाना होता, ‘वसतिगृह सोडण्याचे कारण’. दिवाळीनंतर आणि मे महिन्यानंतर तो भरायचा असे. पालक सांगत, "लग्न लिहू नका, घरगुती कारण लिहा." मी लिहायची. घरगुती कारण, घरगुती कारण, एकाखाली एक. दोन मुलींच्या वेळी मी त्यांच्या घरी जाऊन बसले, परीक्षा तरी देऊ द्या म्हणून. एकीला दिली. तिचा मार्चमधला नंबर आणि बाकड्याची जागा मला अजून तोंडपाठ आहे. बाकीच्यांच्या वेळी मी गेले नाही.

वेण्यांचं म्हणशील तर, आमच्याकडे मी रविवारी पाच मुलींच्या घालायची. उरलेल्यांच्या कोण घालतं ते मी कधी विचारलं नव्हतं. आज कळतंय.


निळी रिबीन

बाई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. काय लिहावं सुचत नव्हतं. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. माझ्या बाईंना मी माफ करेन की नाही माहीत नाही, पण त्यांना सत्तर पालकांची भीती वाटत असेल हा विचार मी आजवर केलाच नव्हता.


डोंगरपायथा

गृहप्रमुख बाई, नमस्कार. आमच्या गृहमाता अशाच एकट्या असायच्या. 1972च्या दुष्काळात मी अकरावीला होते. ज्वारी मिळेना. रेशनवर लाल मिलो यायचा, परदेशी. त्याची भाकरी थापतानाच तुटायची, चव मातीसारखी. लहान मुली खायच्या नाहीत. तेव्हा आमच्या गृहमाता पंगतीत लहान मुलींच्या मध्ये बसून तीच भाकरी दुधाशिवाय, गुळाशिवाय, चवीनं खाऊन दाखवायच्या. रात्री त्यांना पोटदुखी व्हायची हे फक्त आम्हा मोठ्यांना माहीत होतं. 

त्या वर्षी माझ्या पदरात दोघी होत्या. विहीर आटलेली, न्हाणं आठवड्यातून एकदा. तेल तर नाहीच. कोरड्या केसांच्या वेण्या घालणं म्हणजे काय ते त्या वर्षी कळलं. केस तुटू नयेत म्हणून टोकाकडून विंचरत वर जायचं. ते मी नातीच्या केसांनाही तसंच करते, ती म्हणते आजी उलटं विंचरते.


पाऊलवाट

एक विचारू? कुणाकडे त्या काळची पत्रं आहेत का? माझी सगळी आईनं बंबात घातली, घर बदलताना.


निळी रिबीन

पाऊलवाट, तुझ्या प्रश्नामुळेच हे लिहितेय. 

परवा माहेरी गेले होते. आईला विचारलं तर ती माळ्यावर चढायला निघाली, या वयात. मी चढले. पेढ्यांचा जुना पुठ्ठ्याचा खोका, त्यात माझी चाळीसेक आंतर्देशीय पत्रं सुतळीनं बांधलेली. कागद कडांना तपकिरी झालाय. काहींना आतून शिताचे डाग आहेत.

ऑगस्ट 1983चं एक पत्र. माझं अक्षर, मोठं, ओळीखाली उतरत गेलेलं. ‘ती. आईस, साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. चाचणीत गणितात 17 गुण मिळाले. गाय व्यायली का?’ त्याखाली एक ओळ निळ्या शाईनं गिरवून काढलेली, उजेडाला धरली तरी वाचता येत नाही. पण मला माहीत आहे ती कुठली. मग ‘तुझी लाडकी’ आणि नाव.

हे पत्र आईला वाचता येत नसे, शेजारचे गुरुजी वाचून दाखवायचे. आई म्हणाली, "त्यात खाली बारीक लिवलेलंबी असायचं की. गुरुजी ते दोनदा वाचायचे." मला कळेना. तिनं पत्र उलटं करून दाखवलं. घडी घालून आत दुमडायची जी पट्टी असते, शीत लावायची, तिच्यावर पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं. माझं अक्षर नव्हे. 

‘काकू, हिला करमत न्हाई पण रडत न्हाई. रात्री माझ्यापाशी झोपती. केसं लांब हायती, कापू दिली न्हाईत. तेल संपलंय, पाठवा.’

चाळीसपैकी सव्वीस पत्रांच्या पट्टीवर अशी ओळ आहे. शेवटची ऑक्टोबर 1985ची. ‘हिला आता स्वताची स्वताला येती वेणी.’


कोयत्याची लेक

ताई, आमच्या हॉस्पिटलला आटपाडीच्या बाजूच्या खूप बायका येतात, माणदेशातल्या, मुलांकडे राहायला आलेल्या. मी विचारत राहीन. त्यांचं पहिलं नाव मला खासगी निरोपात कळवा.


निळी रिबीन

कळवलंय.